शेपूट येईपर्यंत

४ फेब्रुवारी

पोरी,

माझं पत्र बघून दचकू नकोस. तुझे बाबा ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण माझे कान तुला माहीत आहेत. फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने जोडतो. या जोडकामापायी एका गिऱ्हाइकाचा कोट मला दोनदा शिवावा लागला. तेव्हा पत्रच बरं.

सांगायचं ते असं. परवाच्या रविवारी आपल्या सायकल मंडळाने वीटभट्टीचा फेरा घेतला. गाव सोडून रेल्वेचं फाटक, मग निलगिरीच्या रांगेतून कच्चा रस्ता, भट्टीच्या चिमणीपाशी डावीकडे वळायचं आणि उतारावरून थेट तळ्याकाठी. हा फेरा आखला बाबांनीच. गावाभोवतीचे सगळे फेरे त्यांचेच. रविवारी चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावून एकेक पायवाट त्यांनी चाकाखाली घातली, तेव्हा तू शाळेत होतीस. आणि परवा त्याच चिमणीपाशी त्यांनी पाय टेकले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मला विचारलं, "आता कुठे?" बाकीचे हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मला काही हसू आलं नाही.

म्हणून आम्ही एक युक्ती केली. मंडळाचा नियम तुला आठवत असेल. पुढचा माणूस वळणावर आला की त्याच्या लगेच मागच्याने तिथे उतरायचं, हात लांब करून वाट दाखवत उभं राहायचं, आणि सगळे पुढे गेले तरी जागा सोडायची नाही. सगळ्यांत शेवटी येणारं शेपूट पोचलं की मगच निघायचं. नियमही बाबांचाच, आणि शेपूट मी. शिवणयंत्राला पाय मारून मारून माझ्या पायांना तीच चाल लागली आहे, त्याला कोण काय करणार! तर आता पुढे दुसरं कुणीतरी असणार आणि वळणावर उभं राहण्याचं काम बाबांकडे. मी त्यांना म्हटलं, "हल्लीच्या लोकांना धड उभंसुद्धा राहता येत नाही, तुम्हीच राहा." खूश झाले.

ते मजेत आहेत. तुझी आठवण रोज काढतात. काळजी करू नकोस.

तुझा शेपूटकाका

१५ फेब्रुवारी

काकांना नमस्कार.

पत्र लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. तुम्ही सगळं हसत हसत लिहिता. पण आयुष्यभर ज्या वाटेने गेले तिथेच बाबा "आता कुठे" विचारतात, ही काय हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे? उद्या ते रेल्वेच्या फाटकापाशी चुकले तर?

मलाही कळत होतं, पण मनाशी कबूल करत नव्हते. फोनवर "जेवलीस का" विचारतात, मी हो म्हणते, आणि पुन्हा "जेवलीस का". गेल्या आठवड्यात तर "हं, बोला" म्हणाले. मला, अहोजाहो! वाटलं, दुकानात फोनवर तसंच बोलायची सवय, सवयीने निघून गेलं असेल.

सायकल बंद करा, काका. पाहिजे तर विकून टाका. मी बाबांना इकडे आणायचं म्हणते. ह्यांची ना नाही. शिलाईचं मशीन आणि जुन्या पेट्या होत्या ती खोली रिकामी करतोय. पण लॅबमध्ये दोन माणसं कमी आहेत, रक्ताच्या बाटल्यांचे ढीग लागलेत, एप्रिलच्या आधी मला रजा देणार नाहीत. तोवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

आणि खरंच रोज माझी आठवण काढतात? काय म्हणतात? एखादं वाक्य तरी लिहा ना.

तुमची पोरगी

२६ फेब्रुवारी

पोरी,

सायकल बंद कर म्हणून लिहिणं सोपं आहे. इथे येऊन बघ म्हणजे कळेल.

घरात ते चहाचा कप कुठे ठेवला ते विसरतात, चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधतात. तेही कोण, तर ज्याने अख्ख्या गावाला चष्मे लावले तो माणूस! खुर्चीत बसले की बसलेच, भिंतीकडे बघत. पण रविवारी सीटवर टांग टाकली की पाठ ताठ होते. फाटकापाशी घंटी ऐकू आली की आपोआप उतरतात. खड्डा कुठे आहे ते त्यांच्या हाताला ठाऊक आहे, डोक्याला नसेना का. तळ्याच्या फेऱ्यात जो मोठा चढ आहे तिथे मी उतरून ढकलत नेतो, आणि ते माझ्या बाजूने पुढे जाताना मान हलवतात, तसेच, पूर्वीसारखे.

आणि वळणावर काय उभे राहतात म्हणून सांगू! हात असा सरळ, बाही मनगटापर्यंत खाली घेतलेली, नजर माझ्या वाटेवर. मी लांबून शेपटाचं नारिंगी जाकीट घालून येतो ते दिसलं की चेहरा खुलतो. आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, हे माणसाला दिवसातून एकदा तरी वाटायला हवं की नको? तू तेच काढून घ्यायला निघाली आहेस.

वाक्य लिहा म्हणालीस. गेल्या रविवारचं लिहितो. तळ्याकाठी डबा उघडून पाव-अंडी खात होतो, तेव्हा म्हणाले, "पोरगी लहान असताना तिला पुढच्या दांड्यावर बसवून इथे आणायचो. सारखी घंटी वाजवायची." झालं समाधान?

शेपूटकाका

१० मार्च

काका,

बाबांनी मला दांड्यावर कधीच बसवलं नाही. पाय चाकात जाईल म्हणून मला मागच्या कॅरियरवर पट्ट्याने बांधायचे आणि मी रडायचे, कारण तिथून त्यांच्या पाठीशिवाय काहीच दिसत नसे. दांड्यावर बसवायचात ते तुम्ही. घंटी तुमच्याच सायकलची, आणि बाबा तुमच्यावर ओरडायचे.

ती आठवण तुमची आहे. गोड आहे, पण तुमची आहे.

मी लॅबमध्ये काम करते, काका. लोकांना वाईट आकडे कागदावर लिहून देते. मला कुणी गोंजारून सांगायला नको. बाबा माझं नाव काढतात की नाही, हो किंवा नाही, एवढंच लिहा.

तुमची पोरगी

१९ मार्च

पोरी,

नाही.

नवं वर्ष लागल्यापासून एकदाही नाही. जानेवारीत मला भिंतीवरचा तुझा फोटो दाखवून विचारलं, "ह्या बाई कोण? बऱ्याच दिवसांपासून इथे आहेत." मी सांगितलं, तुमची मुलगी. "असं का," म्हणाले, आणि फोटोला नमस्कार केला. मग मी फोटो पुसायच्या निमित्ताने उतरवला आणि पुन्हा लावलाच नाही.

खोटं लिहिलं ते चुकलं. पण तू एवढ्या लांब, रजा नाही, नुसती झुरत बसशील असं वाटलं. आणि माझाही स्वार्थ आहे, तो का लपवू? तुला खरं कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी येऊन त्यांना घेऊन गेली असतीस. तुझी काकू गेल्यापासून माझ्या आठवड्यात रविवार हा एकच वार आहे. बाकीचे सहा दिवस मी दुसऱ्यांच्या कपड्यांना काज-बटणं करतो.

आता तुला काय करायचं ते कर. पण एप्रिलपर्यंत त्यांना फिरू दे. माझा शब्द आहे, त्यांच्या केसालाही धक्का लागू देणार नाही.

शेपूटकाका

८ एप्रिल

पोरी,

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. बाबा आता बरे आहेत. डॉक्टर येऊन गेले. ताप उतरला आहे.

रविवारी कालव्याचा फेरा होता. मोडक्या पुलापाशी वाटेला दोन फाटे फुटतात, तिथे बाबा उभे राहिले. बाकीचे पुढे गेले. मी नेहमीसारखा बराच मागे, आणि पुलाच्या अलीकडेच माझा टायर फुटला. तेवढ्यात आभाळ भरून आलं, गारा सुरू झाल्या, वारा असा की सायकल हातात धरवेना. मागून दुधाची गाडी गावाकडे चालली होती. दूधवाल्याने मला सायकलसकट उचलून घेतलं आणि दुसऱ्याच रस्त्याने घरी आणून सोडलं. मला वाटलं, शेपूट आलं नाही म्हणजे पुढचे मागे वळतील आणि बाबांना घेऊन येतील. पुढचे पंपाच्या खोलीत आडोशाला थांबले होते. गारा थांबल्यावर ते हमरस्त्याने परतले. त्यांना वाटलं, बाबा माझ्याबरोबर आहेत. एवढ्या वर्षांत शेपूट पोचलं नाही असं कधी झालंच नव्हतं, मग कुणाच्या मनात शंका येणार?

मी कपडे बदलून पडलो तो झोपलोच. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तर दाराला कुलूप. दूधवाल्याला उठवलं, त्याच्या गाडीतून निघालो.

ते तिथेच उभे होते. गारांनी कपाळावर खोक पडलेली, कपडे अंगावरच भिजून अंगावरच वाळलेले, आणि हात लांब केलेला. दुसऱ्या हाताने तो खालून धरला होता. जवळच्या शेतातली बाई सांगत होती, तिने दोनदा बोलावलं, चहा नेऊन दिला, घरात चला म्हणाली. पण ते जागेवरून हलले नाहीत. तिला म्हणाले, "मागे एक माणूस आहे माझा. मी गेलो तर तो चुकेल."

पोरी, तो माणूस मी. मी घरात पांघरूण घेऊन घोरत होतो.

आणखी काही लिहवत नाही.

शेपूटकाका

१४ एप्रिल

काका,

शनिवारी येते आहे. गाडी करूनच येते, त्याच दिवशी बाबांना घेऊन परत निघेन. त्यांचे कपडे, औषधं आणि दाढीचं सामान एका पिशवीत भरून ठेवा. सायकल भरू नका.

तुमच्यावर राग नाही असं लिहिणार होते. पण आहे. तुमच्यावर आहे, मंडळावर आहे, त्या नियमावर आहे. सगळ्यात जास्त माझ्यावर आहे, पण म्हणून तुमच्यावरचा कमी होत नाही.

त्या दिवशी घरी येऊ नका. मला तुमच्यासमोर रडायचं नाही.

२ जून

काका,

त्या शनिवारी तुम्ही खरंच आला नाहीत. तुमच्या दुकानाच्या दारात पाठ करून उभे होतात, ते मी गाडीतून बघितलं. गाडी थांबवायला हवी होती. नाही थांबवली.

दीड महिना तुम्हाला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. आता वाईट आहे तेच लिहिते.

पहिले काही दिवस बाबा पाहुण्यासारखे राहिले. जेवण झालं की "छान होतं हं, येतो आता" म्हणून चपला घालायचे. मला "बाई" म्हणतात. ह्यांना "साहेब". मी केस विंचरून देते, नखं कापते, आणि ते अगदी संकोचून "तुम्ही कशाला तसदी घेता" म्हणतात. मी माझ्या मनाची समजूत घातली होती. पण मे महिन्यात नवीनच सुरू झालं. आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे औषधाचं दुकान आहे. सकाळी उठून बाबा त्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहतात, हात डावीकडे लांब करून.

ऊन असो, पाऊस असो. रिक्षावाले हॉर्न मारतात, गल्लीतली पोरं हात मिळवून पळतात. औषधवाल्याने बिचाऱ्याने स्टूल दिलं, पण बाबा बसत नाहीत. आम्ही दोघांनी धरून आणायला जावं तर ते अशी झटापट करतात की परवा ह्यांच्या गालावर ओरखडा आला. दार बंद केलं तर दारावर डोकं आपटतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की दिवसभर झोपतात आणि तोंडातून लाळ गळते. ते बघवत नाही, म्हणून मीच गोळ्या बंद केल्या. नाकी नऊ आलेत.

ते कुणाची वाट बघतात ते मला माहीत आहे. इथे तो माणूस कुठून आणू? काका, तुम्ही या. जाण्यायेण्याची सगळी सोय करते. मागचं लिहिलेलं मनात धरू नका.

तुमची पोरगी

११ जून

पोरी,

मनात कशाला धरू? तू लिहिलंस त्यात खोटं काय होतं? पाठ केली होती ती लाज वाटली म्हणून.

मला येता येत नाही. गेल्या महिन्यात दुकानाच्या पायरीवरून पडलो आणि कंबरेच्या हाडाला तडा गेला. डॉक्टरने सक्तीने झोपवून ठेवलं आहे. पडल्या पडल्या टिपा घालतो आणि शेजारीण मशीन मारते. तिच्या टिपा इतक्या वाकड्या जातात की गिऱ्हाईक टिकलं तर नवल. मंडळाचं म्हणशील तर दोघं-तिघं उरलेत. ते तळ्यापर्यंत जाऊन येतात. एवढ्याशा वाटेत वळणावर कुणाला उभं करायची गरजच पडत नाही.

पण तुझं एक चुकतंय. ते माझी वाट बघत नाहीत. मी आजारी असलो की दुसरं कुणी मागे राहायचं, एकदा तर पाहुणा आलेला जावई होता कुणाचा, तरी बाबा तेवढ्याच खुशीत निघायचे. तोंडाकडे ते कधी बघायचेच नाहीत. शेपूट म्हणजे मी नव्हे, पोरी. शेपूट म्हणजे जो शेवटी येईल तो.

तू अजून सायकल चालवू शकतेस ना? एकदा आलेली विसरत नाही म्हणतात. पडलीस तर तुझ्या कंबरेचा माझ्यासारखा भुगा व्हायला अजून अवकाश आहे.

शेपटाचं नारिंगी जाकीट वेगळ्या पुडक्यातून पाठवतो. मी शिवलेलं आहे, तुला ढगळ होईल. बाजूंना टाके घाल. आणि काय होतं ते कळव. इथे छताकडे बघत जीव टांगणीला लागला आहे.

शेपूटकाका

२० जून

काका,

जाकीट मिळालं. टाके घालायला धीर नव्हता, तसंच चढवलं.

खालच्या मजल्यावरच्या मुलीची सायकल मागून घेतली. पुढे टोपली असलेली, माझ्या मानाने बुटकी. लग्नानंतर मी सायकलला हात लावला नव्हता. मागच्या रस्त्याने निघाले, दोनदा पाय टेकले, एका मोटारीच्या आरशाला कोपर लागलं आणि त्या माणसाने माझा उद्धार केला. सगळं शहर आपल्याकडेच बघतंय असं वाटत होतं. मग पूर्ण वळसा घालून मोठ्या रस्त्याने आमच्या कोपऱ्याकडे आले, बाबांची नजर होती त्या बाजूने.

त्यांनी लांबूनच बघितलं. तुम्ही लिहिलं होतं तसा चेहरा खुलला, काका. मला तो चेहरा ते ह्या घरात आल्यापासून एकदाही दिसला नव्हता. हात आणखी ताठ केला आणि ओरडून म्हणाले, "इकडे, इकडे वळा! जपून!"

मी त्यांच्याजवळ उतरले. मला दम लागला होता. ते माझ्या मागे रस्त्यावर बघत राहिले आणि विचारलं, "अजून कुणी आहे मागे?"

मी म्हटलं, "कुणी नाही. मी शेवटची."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी हात खाली घेतला. दुखत असणार, दुसऱ्या हाताने चोळत होते. औषधवाला काउंटर सोडून बाहेर आला होता, तो बघतच राहिला. कुणी ओढलं नाही, कुणी धरलं नाही. बाबांनी सायकलच्या सीटवर एक हात ठेवला आणि स्वतःहून गल्लीत वळले.

आता रोज सकाळी मी लॅबला जायच्या आधी हेच करते. ते बाहेर पडतात, उभे राहतात, मी मागच्या रस्त्याने वळसा घालून येते आणि आम्ही घरी जातो. मग दिवसभर ते शांत असतात. ओरडत नाहीत, जेवतात, गोळी लागत नाही. हे किती दिवस चालेल ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. त्यांच्या डोक्यातून हेही जाईल, ते मला माहीत आहे.

पण आजचं तुम्हाला लिहायलाच हवं, म्हणून लॅबला उशीर करून बसले आहे. आज कोपऱ्यावरून वळल्यावर ते एकदम पाय उचलायला लागले. म्हटलं, "सावकाश, बाबा. घाई कसली?"

म्हणाले, "घाई कशी नाही, बाई? तुम्हाला ठाऊक नाही. माझी मुलगी आहे घरी. मला उशीर झाला की ती जेवत नाही, दारात येऊन उभी राहते. लहान आहे अजून, पण फार जीव आहे तिचा माझ्यावर."

मी म्हटलं, "हो का?"

मग दारापर्यंत ते माझ्याबद्दल सांगत होते आणि मी सायकल हातात धरून ऐकत चालले होते.

तुमची पोरगी